दफनपुरातत्त्व, मराठवाड्यातील

जुन्या काळी माणसे आपल्या मृतांना कुठे व कशी ठेवत, सोबत काय देत आणि त्यांची आठवण कशात जपत, याचा उत्खननातून व स्मारकांवरून होणारा अभ्यास. विदर्भात जुनापाणी, माहुरझरी येथील शिळावर्तुळे, म्हणजे दफनांभोवती रचलेली दगडांची कडी, माळावर उघडी दिसतात. मराठवाड्यात ताम्रपाषाणयुगातील, म्हणजे तांबे व दगड दोन्हींची हत्यारे वापरण्याच्या काळातील, मृतांचा शोध घ्यायचा तर पांढरीत उतरावे लागते.

गावाची जमीन म्हणजे काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती साचून पांढरीचे टेकाड होते. पैठण तालुक्यातील आपेगाव, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे गाव, तेथे १९७६च्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. या काळातील दफनांची सर्वांत भरघोस माहिती मात्र शेजारच्या नेवासे व दायमाबाद येथून आणि भीमेच्या खोऱ्यातील इनामगावहून मिळाली आहे. नेवासे व दायमाबाद प्रवरेकाठी आहेत आणि प्रवरा टोक्याजवळ गोदावरीला मिळते. तेव्हा नेवासे-दायमाबादचा पुरावा मराठवाड्याला परका नाही.

याच ताम्रपाषाणयुगातील जोर्वे संस्कृतीत (सुमारे इ. स. पू. १४०० ते ७००) मूल गेले की घराच्याच जमिनीत खड्डा घेत. करड्या रंगाचे, हाताने घडवलेले दोन रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून दक्षिणोत्तर ठेवत आणि मूल त्यांत निजवत. शेजारी एखादा वाडगा, तांबड्यावर काळी नक्षी असलेले तोटीचे भांडे. मग वरून पुन्हा जमीन चोपून घेत आणि त्याच घरात राहणे चालू राही. वर चूल पेटलेली आणि खाली आपले लेकरू, हे चित्र मनात आणल्याशिवाय त्या दोन रांजणांचा अर्थ लागत नाही.

मोठ्या माणसांना खड्ड्यात उताणे, उत्तरेकडे डोके करून ठेवत आणि बहुधा घोट्याखाली पाय तोडलेले असत. मृताने उठून जाऊ नये, भूत होऊन फिरू नये, यासाठी ते केले असावे, असे अभ्यासक मानतात. इनामगावात एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात सुमारे चाळिशीचा पुरुष बसवलेला मिळाला. त्याचे पाय मात्र शाबूत होते. त्याचा मान वेगळा असणार, हे उघड आहे. लातूर, धाराशिवकडे लिंगायत समाजात आजही मृताला बसवून पुरतात, म्हणून ही तुलना लगेच सुचते. पण केवळ बसण्याच्या ढबीवरून तीन हजार वर्षांचा धागा जोडणे घाईचे होईल.

दफनाचा अर्थ वस्तूइतकाच तिच्या जागेत असतो. रांजण कोणत्या थरातून खाली गेला, कोणत्या घराच्या जमिनीखाली होता, तोंड कुठे होते, हे नोंदवून मगच तो उचलतात. दातांवरून मुलाचे वय कळते. दातांच्या लुकणावरील, म्हणजे वरच्या चकचकीत कठीण थरावरील, आडव्या रेघा आजारपण किंवा उपासमार सांगतात. पांढरीची माती शेताला खत म्हणून आणि धाब्याच्या घरांवर घालायला गाड्या भरभरून नेली गेली आहे. त्यात निघालेली खापरे बांधावर पडतात, हाडे विरून जातात. रांजण फुटल्याचे दुःख आहेच, पण त्याची जागा हरवली की मागे वाचण्यासारखे फार थोडे उरते.

बौद्ध काळात स्मारकाचे रूप बदलले. स्तूप मुळात अस्थींवरचा उंचवटा. अजिंठ्याच्या ९ व १० क्रमांकांच्या लेण्यांत तो अखंड दगडात कोरला आहे. पितळखोऱ्याला स्फटिकाचे अस्थिकरंडक मिळाले.

मध्ययुगातील वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड) व सतीशिळा गावोगाव आहेत: वेशीत, मारुतीच्या पारावर, बारवेच्या काठी. बहुतेकांखाली दफन नसते. ती स्मृतिशिळा असते. वीरगळ खालून वर वाचायचा: तळाला लढाई, कधी पळवलेल्या गाई, मध्ये वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात उभा असतो. या दगडांना देव समजून शेंदूर लावतात, त्यामुळे ते जागेवर टिकले. मात्र पुटांवर पुटे चढून खालची लढाई बुजते. तिरप्या उन्हात, सकाळी किंवा दिवस मावळताना, बुजलेल्या घोड्याची मान आणि उगारलेली तलवार पुन्हा दिसू लागते.