सिन्नरच्या प्लेग छावणीपासून घोटीच्या रस्त्यापर्यंत: नाशिक जिल्ह्यातल्या अफवेची आणि द्वेषाची पार्श्वभूमी

३१ ऑक्टोबर २०२६ हा नाशिक-त्र्यंबकच्या सिंहस्थाच्या ध्वजारोहणाचा दिवस, आणि २ ऑगस्ट २०२७ हा पहिल्या अमृतस्नानाचा. रस्ते, घाट, साधुग्राम, पार्किंग यांच्या तयारीवर रोज काही ना काही छापून येतं. अफवेच्या तयारीवर क्वचितच. २७ ऑगस्ट २००३ ला, त्या वेळच्या सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, त्यामुळे गर्दी बिथरली की काय होतं हे या शहराला नव्याने सांगायला नको. आज त्याच गर्दीतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. म्हणून या जिल्ह्यात अफवा आजवर कशी पेटली, तिला हवा कुणी दिली आणि ती कुठे विझली, हे एकदा नीट पाहायला हवं.

सुरुवात मोबाइलच्या फार आधीपासून करावी लागते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी सरकारने साथरोगांचा कायदा केला. घराघरांत शिरून तपासण्या, आजाऱ्याला उचलून दवाखान्यात, घरच्यांना छावणीत, सामानसुमान जाळून टाकणं. दवाखान्यात माणसं बरी करायला नाही तर मारायला नेतात, त्यांच्या अंगातून औषध काढतात, अशी आवई उठली. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. जानेवारी १८९८ मध्ये तेच लोण सिन्नरला पोचलं. प्लेगच्या बंदोबस्ताविरुद्ध जमाव उठला आणि प्लेगच्या कामावरच्या एका कर्मचाऱ्याचा त्यात जीव गेला.

त्या जमावाला अडाणी म्हणून मोकळं होता येईल, पण मला ते पटत नाही. औषध काढतात ही गोष्ट खोटी होती. घरात बूट घालून शिरणारे शिपाई, बायाबापड्यांची उघड्यावर होणारी तपासणी, छावणीत गेलेल्या माणसाची घरच्यांना न मिळणारी खबर, हे सगळं मात्र खरं होतं. लोकांचा सरकारवरचा विश्वास आधीच उडाला होता आणि अफवा त्या रिकाम्या जागेत शिरली. या जिल्ह्यातली पुढची प्रत्येक घटना पाहताना मला हाच धागा दिसतो. निव्वळ खोट्यावर अफवा फार काळ तग धरत नाही. तिच्या पोटात एखादी खरी भीती, खरा अपमान किंवा दडपलेली बातमी असते, आणि जहाल मंडळी नेमकी तिथेच बोट ठेवतात.

येवल्याची गोष्टही त्याच काळातली. १८९३ मध्ये मुंबईत मोठी हिंदू-मुस्लिम दंगल झाली आणि पुढच्या वर्षी येवल्यात भडका उडाला. पैठणी विणणारं, बाजारपेठेचं, दोन्ही समाजांचं पोट एकमेकांवर अवलंबून असलेलं ते गाव. मुंबईची बातमी पोचली ती वर्तमानपत्रांतून आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या तोंडून. दूरच्या गावातला राग आपल्या गल्लीत आणून शेजाऱ्यावर काढायचा, ही रीत तेव्हापासूनची आहे.

मालेगावबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण राज्याच्या मनात ते नाव फक्त स्फोटांशी जोडलं गेलंय. मोसम नदीच्या काठचं हे यंत्रमागाचं शहर. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी त्याचा व्यवसाय उभा केला. तिथली २००१ ची दंगल एका पत्रकापासून सुरू झाली, हे आज किती जणांना आठवतं? अमेरिकेने अफगाणिस्तानवर हल्ला केला होता. २६ ऑक्टोबर २००१ ला, शुक्रवारच्या नमाजानंतर, अमेरिकी मालावर बहिष्कार घाला असं सांगणारी पत्रकं वाटली जात होती. पोलिसांनी ती वाटायला अडवलं, बाचाबाची झाली, दगडफेक झाली, गोळीबार झाला. दंगल आसपासच्या गावांत पसरली, बाराच्या वर माणसं मेली. कागदाच्या कपट्यावरून इतकं होतं असं नाही. त्या दिवशी दोन्हीकडे आधीच संताप ठासून भरलेला होता.

८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या दिवशी, बडा कब्रस्तानाजवळ आणि शहरात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसं गेली, बहुतेक सगळी नमाजाला आलेली. त्या दिवशी मालेगाव पेटेल असं सगळ्यांनाच वाटत होतं. ते पेटलं नाही. दोन्ही समाजांतली माणसं रक्त द्यायला, जखमींना उचलायला पुढे आली. पोलिसांनी नऊ मुस्लिम तरुणांना अटक केली. पुढे तपास सीबीआयकडे, मग एनआयएकडे (राष्ट्रीय तपास संस्थेकडे) गेला, आरोपी बदलले आणि २०१६ मध्ये कोर्टाने त्या तरुणांना आरोपातून मुक्त केलं. तोवर त्यांची कितीतरी वर्षं तुरुंगात गेली होती.

२९ सप्टेंबर २००८ ला भिक्कू चौकात मोटारसायकलवरच्या बॉम्बने सहा जण मेले. या वेळी हिंदुत्ववादी गटांतल्या लोकांना अटक झाली. सतरा वर्षांनी, ३१ जुलै २०२५ ला, विशेष एनआयए न्यायालयाने सातही आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं, मृतांच्या वारसांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये भरपाई द्यायला सांगितलं.

दोन स्फोट, दोन तपास, दोन्हीत आधी छातीठोकपणे सांगितलेली कथा कोर्टात टिकली नाही. मेलेल्यांची घरं तिथेच आहेत आणि बॉम्ब कुणी ठेवला याचं सिद्ध झालेलं उत्तर कुणाकडे नाही. त्यामुळे आज ज्याला जे सोयीचं वाटतं तेच तो उत्तर म्हणून सांगतो. एका ग्रुपवर एक मालेगाव असतं, दुसऱ्या ग्रुपवर दुसरं. न्याय व्हायला उशीर लागला आणि झाला तो अर्धवट, तर त्या जागी कटाच्या कहाण्या वाढतात. त्या कहाण्या ऐकत मोठा झालेला पोरगा जहाल माणसाच्या हाती लवकर लागतो. लोकांना समजावून सांगण्याच्या सगळ्या मोहिमा या एका गोष्टीपुढे तोकड्या पडतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग मोबाइल आला. २०१६ चं तळेगाव हे या जिल्ह्यातलं त्याचं पहिलं मोठं रूप. त्या जुलैत अहमदनगर जिल्ह्यातल्या कोपर्डीत मराठा समाजातल्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झालेला, २४ सप्टेंबरला नाशिकचा मराठा मोर्चा निघालेला. ८ ऑक्टोबरला त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या तळेगावात पाच वर्षांच्या मुलीवर अत्याचाराचा प्रयत्न झाल्याची तक्रार आली. गुन्हा खरा, गंभीर आणि चीड आणणाराच. पण रात्रीतून मोबाइलवर फिरलेल्या गोष्टी घडल्यापेक्षा किती तरी भयंकर होत्या. दुसऱ्या दिवशी रस्ता रोको झाला, एसटी जळाल्या, पोलिसांवर दगड आले आणि आरोपी दलित समाजातला म्हणून काही गावांतल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले. त्या वस्त्यांतल्या माणसांचा गुन्ह्याशी काडीचा संबंध नव्हता. प्रशासनाने मोबाइल इंटरनेट बंद केलं. त्याने फॉरवर्ड थांबले, पण खरी बातमी पोचायची वाटही बंद झाली. ज्यांची घरं फुटली त्यांना आपले नातेवाईक कुठे आहेत हे कळवता येईना.

१ जुलै २०१८. रविवार, राईनपाडा, तालुका साक्री. हे धुळे जिल्ह्यात, पण आपल्या सीमेला लागून, बाजारहाट एकच. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आठवडे बाजारात आले होते. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज कितीतरी दिवस फिरत होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जमावाने तिथेच ठेचून मारलं. पाचही जण.

तेव्हा देशभर फिरणारा व्हिडिओ कुठला होता? कराचीतला. दोघे मोटारसायकलवरून येतात आणि खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. पाकिस्तानातल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली ती जाहिरात होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तो शेवटचा तुकडा कुणीतरी कापला. एवढंच केलं. पोरं सांभाळा म्हणून सांगणारा तोच व्हिडिओ मग माणसं मारायला कारण ठरला. या कापाकापीला कुठलीही मोठी यंत्रणा लागत नाही, पण कापणाऱ्याला ठाऊक असतं आपण काय करतोय.

त्याच रात्री मालेगावात हेच घडता घडता राहिलं. बाहेरगावहून आलेल्या पाच जणांना, त्यांत एक लहान मूल, जमावाने मुलं चोरणारे म्हणून घेरलं. त्यांना एका घरात आसरा मिळाला. बाहेर जमाव वाढत गेला, पोलिसांची गाडी उलटवली, तरी पोलीस हटले नाहीत आणि पाचही जण वाचले. राईनपाडा आणि मालेगाव यांत मेसेजचा फरक नव्हता. फरक होता तो दार लावणाऱ्या माणसाचा आणि वेळेत पोचलेल्या पोलिसांचा. राईनपाड्यातही खोली होतीच, पण तिचं दार वाचवायला कुणी उभं नव्हतं.

यानंतर काही गोष्टी बदलल्या. व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात पुढे पाठवलेल्या मेसेजवर 'फॉरवर्डेड' असं लेबल लावलं, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकालाच पाठवता येईल असं केलं. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ ला झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात नोडल (या कामाची जबाबदारी असलेला) पोलीस अधिकारी नेमायला सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जमावाने केलेल्या हत्येला वेगळं कलम आलं.

तरीही जून २०२३ मध्ये इगतपुरी-घोटी परिसरात एकाच महिन्यात दोन माणसं मारली गेली. एक भिवंडीकडचा तरुण, एक कुर्ल्याचा. दोघांवर संशय गुरं किंवा गोमांस नेण्याचा. इथे अफवेपेक्षा पुढची गोष्ट दिसते. मोबाइलवरून गाडीची खबर देणारी, रस्त्यात अडवणारी, स्वतःला कायद्याचे रखवालदार समजणारी टोळी. मार्च २०१५ पासून गोवंश हत्याबंदीचा कडक कायदा आहेच. तक्रार करायला पोलीस ठाणं आहे. तपास करायचा, शिक्षा द्यायची हा अधिकार रस्त्यावरच्या पोरांना कुणी दिला? जहालपणा म्हणतात तो हाच. २८ ऑगस्ट २०२४ ला इगतपुरीच्या आसपास धुळे-मुंबई एक्स्प्रेसमध्ये एका वृद्ध प्रवाशाला त्याच संशयावरून मारहाण झाली. मारणाऱ्यांनीच व्हिडिओ काढला. पुढे त्या वृद्धाने आत्महत्या केल्याची खोटी बातमी फिरली, आणि आपण जिवंत आहोत हे सांगायला त्यालाच व्हिडिओ करावा लागला. आधी मार, मग स्वतःच्याच मरणाची बातमी. आणि ही दुसरी अफवा त्याच्या बाजूने चीड व्यक्त करणाऱ्यांनीच फिरवली होती, हे मुद्दाम सांगायला हवं. आपल्या बाजूचं खोटं आपल्याला खोटं वाटत नाही.

त्र्यंबकेश्वरचं मे २०२३ चं प्रकरण वेगळं आहे. १३ मेच्या रात्री दर्ग्याच्या उरुसाची संदल (चंदनाची) मिरवणूक मंदिराच्या उत्तर दाराशी थांबली. मंदिराच्या पायरीशी धूप दाखवायची जुनी प्रथा आहे, असं मिरवणुकीतले लोक म्हणाले. बळजबरीने आत शिरण्याचा प्रयत्न झाला, असं मंदिर व्यवस्थापनाने म्हटलं. सरकारने एसआयटी (विशेष तपास पथक) नेमली. मंदिराच्या दारापुढची तीच काही मिनिटं, पण देशभरात एकाने त्यात आक्रमण पाहिलं, दुसऱ्याने सलोखा. गावातल्या काही जुन्या लोकांनी, हिंदूंनीही, बाहेरूनच धूप दाखवण्याची प्रथा पाहिल्याचं सांगितलं. दोन्ही समाजांची माणसं शांतता बैठकीला बसली. प्रथा होती की नव्हती हे ठरवायला गावातली माणसं पुरेशी होती. पण टीव्हीवर बोलली ती गावाबाहेरची.

उपाय म्हणून आपल्याकडे पूर्वापार शांतता समित्या आहेत. गणपती, ईद, रामनवमी आली की पोलीस ठाण्यात बैठक, चहा, निवेदन. त्यात तीच ती माणसं असतात ही तक्रार रास्त आहे. विशी-पंचविशीतली पोरं, जी मोबाइलवर दिवसभर असतात, तिथे अभावानेच दिसतात. सायबर पोलीस गुन्हा दाखल करतात, पण तो घडून गेल्यावर. मधली पहिली एक-दोन तासांची वेळ कुणाचीच नसते. तळेगाव त्याच वेळेत पेटलं आणि मालेगावची पाच माणसं त्याच वेळेत वाचली. त्या वेळेत पोलीस पाटील, सरपंच, मशिदीचे इमाम, मंदिराचे विश्वस्त, आशाताई यांच्यापर्यंत ठाण्यातून थेट, नावानिशी आणि अर्धवट का होईना पण खरी माहिती गेली पाहिजे. 'तपास सुरू आहे' एवढ्या एका ओळीवर लोक गप्प बसत नाहीत. काय झालं, काय झालं नाही आणि पुढची माहिती किती वाजता देऊ, हे सांगितलं तर बसतात.

सिंहस्थात हे आणखी अवघड होईल, कारण रामकुंडावर उभ्या असलेल्या बिहारच्या किंवा आंध्रच्या यात्रेकरूला नाशिकचा कुणी इमाम, कुणी सरपंच ओळखीचा नसतो. त्याच्या मोबाइलवर त्याच्या गावाकडचा मेसेज येणार आणि घाटावरच्या लाउडस्पीकरवर मराठी सूचना चालू असणार. नाशिक रोड स्टेशन, तपोवन, त्र्यंबकचा बसथांबा, साधुग्राम इथे हिंदी, गुजराती, तेलुगू बोलणारे स्वयंसेवक आतापासून तयार करायला हवेत, आणि आखाड्यांच्या महंतांना नियंत्रण कक्षाशी फोनवर जोडून ठेवायला हवं, म्हणजे आलेला मेसेज खरा की खोटा हे त्यांना त्याच क्षणी विचारता येईल.