गारगोटी की काच?

नदीच्या पात्रात किंवा खणलेल्या मातीत एखादा पारदर्शक तुकडा चमकला की पहिल्यांदा मनात हिरा येतो. हिरा तो बहुधा नसतोच. खरा प्रश्न असतो गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, की काच. हा गोंधळ होणारच, कारण दोन्हींत मुख्य द्रव्य एकच, सिलिका. गारगोटीत तिचे अणू ठरावीक क्रमाने रचलेले असतात. काचेत मात्र वितळलेली सिलिका, सोबत सोडा आणि चुना, तशी रचना होण्याआधीच थिजते.

रंगावर अजिबात जाऊ नका. जांभळी गारगोटी असते (अमेथिस्ट), तशी मँगनीज असलेली जुनी काचही वर्षानुवर्षं उन्हात राहून जांभळट होते. फुटलेली कडही फसवते: शिंपल्याच्या पाठीवरच्या वळ्यांसारख्या वक्र रेघा दोन्हींत दिसतात. वाहत्या पाण्यात वाळूशी घासून तर दोन्ही सारखेच गोल आणि धुरकट होतात. पैलू पाहून 'स्फटिकच!' म्हणणाऱ्यांनी झुंबराचे लोलक आठवावेत. पैलू नैसर्गिक असतील तर सहा बाजूंच्या खांबावर बारीक आडव्या रेघा दिसतात आणि टोक निमुळतं असतं.

मी आधी तुकडा ओला करतो. ओल्या पृष्ठभागावरचा धुरकटपणा तात्पुरता जातो आणि आतलं दिसतं. मग उजेडासमोर धरून दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघायचं. काचेतले बुडबुडे सुटे, गोल किंवा एकाच दिशेने ताणलेले असतात. गारगोटीत बहुतेक वेळा पडद्यासारखे पांढुरके पट्टे दिसतात. ते सूक्ष्म द्रवकणांचे असतात. तुकडा कलता केल्यावर आतला बुडबुडा सरकला, तर तो द्रवाच्या पोकळीतला आहे, म्हणजे दगड नैसर्गिक.

स्पर्शही बोलतो. गारगोटी उष्णता भराभर ओढून घेते, म्हणून सावलीत ठेवलेली गारगोटी गालाला काचेपेक्षा जास्त गार लागते. एकट्या तुकड्यावर हा अंदाज चुकतो. शेजारी तेवढाच काचेचा तुकडा ठेवून तुलना करावी.

मग ओरखडा. फ्रीडरिश मोहस यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या कठीणपणाच्या मापावर क्वार्ट्झ ७ वर आहे, साधी काच साडेपाचच्या आसपास. म्हणून बाटलीच्या तुकड्यावर तुमच्या दगडाची टोकदार कड दाबून ओढा. रेघ उमटली तर ओल्या बोटाने पुसा. पुसली गेली तर ती नुसती भुकटी होती. नखाला खाच लागली तरच ओरखडा. पण काच काचेवरही कधी ओरखडा पाडते, तेव्हा खाच खोल आणि सहज पडली की नाही ते बघा. हातोडीने फोडून पाहणं मात्र नको, कपच्या थेट डोळ्यात जातात.

शंका उरली तर वजन. डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. दोऱ्याला बांधलेला दगड पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर दगडाचं आकारमान. ५३ ग्रॅमच्या दगडाला काटा २० दाखवत असेल, तर ५३ भागिले २०, घनता २.६५ आली, म्हणजे गारगोटी. साध्या काचेची सुमारे २.५ येते. भरपूर शिसं असलेल्या लोलकांच्या काचेची ३ च्या आसपास किंवा वर जाते, तेव्हा तीही ओळखू येते. दोन-चार ग्रॅमच्या तुकड्यावर हा खटाटोप करू नका. काट्याच्या एका दशांशाने उत्तर बदलतं. तिथे भिंगच बरं.