टेरिटोरियल आर्मीत अधिकारी व्हायचंय? आधी कामधंदा दाखवा

‘टीएची’ म्हणजे टेरिटोरियल आर्मीची ‘भरती निघाली’ असं कळलं की बरीच मुलं सरकारी नोकरी समजून फॉर्म भरायला धावतात. अधिकारीपदाचा हिशेब मात्र उलटा आहे: पोटापाण्याची सोय आधीच झालेली हवी. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली ही प्रादेशिक सेना कामधंदा सांभाळून वर्षातून काही काळ वर्दी चढवणाऱ्या नागरिकांची आहे. बोलावणं आलं की मात्र हातातलं काम टाकून हजर व्हावं लागतं. मे २०२५ मध्ये केंद्राने या सेनेच्या ३२ पैकी १४ इन्फंट्री (पायदळ) बटालियन सेवेत बोलवायला मंजुरी दिली होती. तेव्हा घरच्यांशी आणि साहेबांशी आधीच बोलून घ्या.

अर्जदार भारतीय नागरिक, पदवीधर आणि १८ ते ४२ वयाचा असावा. महिलाही अर्ज करू शकतात, पण २०२५ च्या जाहिरातीतल्या १९ जागांपैकी त्यांच्यासाठी एकच होती. सैन्यदलं, पोलीस किंवा निमलष्करी दलात सध्या असलेल्यांना या वाटेने येता येत नाही.

अर्ज ऑनलाइन असतो. २०२५ मध्ये फी ५०० रुपये होती. लेखी परीक्षेचे भाग: तर्क, गणित, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी. प्रत्येक भागात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. त्यानंतर एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या अधिकारी निवड मंडळाची मुलाखत आणि मेडिकल. धोनीला मिळालेला लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मानद होता, त्याचा दाखला इथे कामाचा नाही. काँग्रेस नेते सचिन पायलट मात्र रीतसर निवड होऊन २०१२ मध्ये लेफ्टनंट झाले.

खरी धावपळ कागदपत्रांची. दहावीचं प्रमाणपत्र, पदवी, आधार, पॅन हे बहुतेकांकडे असतंच. अडतं ते उत्पन्नाच्या पुराव्यावर. सरकारी नोकरी असेल तर कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि ते टेबलावरून टेबलावर फिरत येतं. म्हणून निकालाची वाट न पाहता अर्ज देऊन ठेवा. स्वतःचा व्यवसाय असेल तर कामाचं स्वरूप आणि वार्षिक उत्पन्न सांगणारं स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. त्यातला आकडा आयकर विवरणपत्राशी जुळला पाहिजे.

नावाचंही बघा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नावच गायब, हे आपल्याकडे सर्रास असतं. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत फाइलमध्ये ठेवा.

निवड झाल्यावर पहिल्या वर्षी महिनाभराचं प्राथमिक प्रशिक्षण आणि पहिल्या वर्षासह दरवर्षी साधारण दोन महिन्यांचं शिबिर असतं. पगार प्रशिक्षणाच्या आणि प्रत्यक्ष सेवेच्या काळापुरताच मिळतो. एरवी घर तुमच्या मूळ कामावरच चालवायचं.