पेड इन फुल

न्यूयॉर्कच्या ‘एरिक बी. अँड रकीम’ या हिप-हॉप जोडीचा पहिला अल्बम. जुलै १९८७ मध्ये आयलंड रेकॉर्ड्सच्या ‘फोर्थ अँड ब्रॉडवे’ या उपकंपनीने तो प्रसिद्ध केला. त्यात दहा ध्वनिमुद्रणे असून तीन शब्दविरहित, म्हणजे केवळ डीजेच्या (तबकड्या फिरवून ठेका आणि सूर जुळवणाऱ्या वादकाच्या) करामतीची आहेत. यमकाच्या अंगाने रॅपचा, म्हणजे ठेक्यावर यमक साधत बोलण्याच्या कलेचा, इतिहास मांडायचा तर या अल्बमआधीचा आणि नंतरचा असे दोन कालखंड मानावे लागतात.

एरिक बॅरियर (एरिक बी.) हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील ईस्ट एल्महर्स्टचा डीजे; त्याचा डब्ल्यूबीएलएस या रेडिओ केंद्राशी संबंध होता. विल्यम ग्रिफिन (रकीम) लाँग आयलंडवरील वायनडँचचा. दोघांची गाठ १९८५ च्या सुमारास पडली. ‘एरिक बी. इज प्रेसिडेंट’ ही पहिली तबकडी १९८६ मध्ये हार्लेममधील झाकिया या छोट्या कंपनीने काढली. तिच्या दुसऱ्या बाजूस ‘माय मेलडी’ होते. ही दोन्ही गाणी पुढे अल्बममध्ये आली.

या पहिल्या तबकडीचे श्रेय हा हिप-हॉपच्या अभ्यासकांतील जुना वाद आहे. ध्वनिमुद्रण क्वीन्सब्रिज वसाहतीत डीजे मार्ली मार्ल याच्या घरच्या स्टुडिओत झाले, एवढे निर्विवाद. एरिक बी.च्या सांगण्यानुसार ज्यांतले तुकडे उचलायचे त्या जुन्या तबकड्या त्याने निवडल्या, कल्पना त्याची होती आणि मार्लला पैसे देऊन केवळ तंत्रज्ञ म्हणून घेतले होते. फोंडा रे या गायिकेच्या ‘ओव्हर लाइक अ फॅट रॅट’मधील बेसलाइन (खालच्या सुरांची साथ) आपण वापरणार, असे त्याने सांगितले तेव्हा रकीमला इतके हसू फुटले, की तोंडातली बिअर भिंतीवर उडाली, अशी आठवण एरिक बी. सांगतो. मार्ल मात्र स्वतःला निर्माता म्हणवतो. त्या काळात ‘निर्माता’ या शब्दाची व्याख्याच पक्की नव्हती. तबकडी शोधणारा कान आणि यंत्रावर ठेका बसवणारा हात ही दोन वेगळी कामे मानली, तर दोन्ही दाव्यांना जागा उरते. या गाण्यातील ढोलांची घडण मार्लच्या त्याच काळातील इतर कामाशी जुळते, हे पाहता त्याचा वाटा निव्वळ तंत्रज्ञाचा मानणे कठीण वाटते.

रकीमच्या संथ, आवाज न चढवता बोलण्यावर मार्लच्या स्टुडिओत आक्षेप घेतला गेला. मार्ल आणि रॅपर एमसी शान यांना त्यात जोर कमी वाटला. रकीम बदलला नाही, आणि तोच संथपणा पुढे त्याची ओळख ठरला.

उरलेला भाग लाँग आयलंड सिटीतील पॉवर प्ले स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. सारे काम आठवडाभरात उरकल्याचे जोडीकडून सांगितले जाते.

रकीमपूर्वीच्या बहुतेक रॅपमध्ये वाक्य ओळीबरोबर संपे आणि यमक ओळीच्या टोकाला, ठरलेल्या ठोक्यावर पडे. ऐकणाऱ्याला ते आधीच कळे. रकीमने यमक ओळीच्या पोटात आणले, एका ओळीत दोन-तीनदा साधले आणि वाक्य पुढच्या ओळीत उतरवले. त्यामुळे ठेका जागच्या जागी राहतो, बोलणे मात्र त्याच्या मागेपुढे खेळते. तो लहानपणी सॅक्सोफोन वाजवत असे. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या वादनाचा प्रभाव त्याने स्वतः मान्य केला आहे. विख्यात गायिका रूथ ब्राउन त्याच्या नात्यातली. ‘माय मेलडी’त तो सात रॅपर रांगेत उभे करतो, त्यांत आणखी सात मिळवतो, पुन्हा सात मागतो आणि एकवीस जणांना एकदम फस्त करतो. ही बढाई असली तरी तिची बांधणी बेरजेच्या गणितासारखी नेमकी आहे. सात या अंकामागे त्याच्या ‘फाइव्ह पर्सेंट नेशन’ या कृष्णवर्णीय अमेरिकनांतील, इस्लामचा प्रभाव असलेल्या पंथातील अंकविचार असल्याचे काहीजण मानतात.

शीर्षकगीतात रकीमचे एकच कडवे आहे. खिसे रिकामे असलेला तरुण पैसे कसे मिळवावेत याचा विचार करतो, गुन्ह्याचा जुना मार्ग आठवतो आणि कष्टाकडे वळतो, एवढाच आशय. त्याखालची बेसलाइन डेनिस एडवर्ड्सच्या १९८४ च्या गाण्यातली, तर ढोल ‘सोल सर्चर्स’ या वाद्यवृंदाच्या १९७४ च्या तबकडीतले. ‘आय नो यू गॉट सोल’चे मूळ बॉबी बर्ड याच्या गाण्यात आहे. सॅम्पलची, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणांतील तुकड्यांची, अशी मोकळी उचल परवानगीविना वापराविरुद्ध गेलेल्या १९९१ च्या न्यायालयीन निकालानंतर महाग झाली.

ब्रिटनमध्ये ‘कोल्डकट’ या जोडीने शीर्षकगीताची नवी आवृत्ती केली. त्यात येमेनी ज्यू परंपरेतील ‘इम निनआलू’ हे गीत गाणाऱ्या ओफ्रा हाझाचा आवाज मिसळला होता. ती आवृत्ती तेथे मूळ गाण्याहून अधिक गाजली. ‘आय नो यू गॉट सोल’मधील ‘पंप अप द व्हॉल्यूम’ हे शब्द उचलून ‘मार्स’ या गटाने १९८७ मध्येच ब्रिटनमध्ये अव्वल ठरलेले गाणे रचले.

मुखपृष्ठावर दोघांच्या अंगात हार्लेमचा शिंपी डॅपर डॅन याने शिवलेली, गुची या कंपनीची बोधचिन्हे असलेली जाकिटे आणि गळ्यात जाड सोनसाखळ्या आहेत. अमेरिकेतील लोकप्रिय अल्बमांच्या मुख्य यादीत हा अल्बम ५८ व्या स्थानापर्यंत चढला. १९९५ मध्ये त्याला प्लॅटिनम (दहा लाख प्रतींचे) मानांकन मिळाले. जोडीने एकूण चार अल्बम केले. चौथा १९९२ मध्ये आला.