चेंडू मागेच का द्यायचा? रग्बीच्या नियमांची पार्श्वभूमी

परभणी, लातूर, नांदेडकडे रग्बी शिकायला येणारी पोरं बहुतेक कबड्डीच्या मैदानावर तयार झालेली असतात. पाय चपळ, पकड पक्की. ती अडतात दोन ठिकाणी. चेंडू पुढे का फेकायचा नाही? आणि इतक्या मेहनतीने पाडलेला गडी लगेच सोडायचा का? यांची उत्तरं रग्बीच्या इतिहासात आहेत. तो समजला की नियम पाठ करावे लागत नाहीत.

इंग्लंडमधल्या रग्बी नावाच्या गावच्या शाळेत हा खेळ घडला. १८२३ साली विल्यम वेब एलिस या विद्यार्थ्याने फुटबॉल खेळता खेळता चेंडू हातात घेऊन धाव ठोकली, अशी कथा सांगतात. विश्वचषकालाही त्याचंच नाव आहे. पण ही कथा पुढे आली ती १८७६ मध्ये, एलिसच्या मृत्यूनंतर, आणि तिला भक्कम पुरावा नाही. मला जास्त मोलाचं वाटतं ते १८४५ साल. त्या वर्षी शाळेतल्या तीन मोठ्या विद्यार्थ्यांनी नियम लिहून काढले. त्यांच्या खेळात चेंडूच्या पुढे उभा असलेला गडी ऑफसाइड, म्हणजे त्याला खेळण्याचा हक्कच नाही. मग चेंडू त्याच्याकडे फेकून उपयोग काय? साथीदाराला द्यायचा तर बाजूला किंवा मागे. पुढे न्यायचा तर स्वतः घेऊन पळा, नाहीतर पायाने मारा. आजही हातून चेंडू पुढे निसटला की नॉक-ऑन धरतात आणि स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे पुढचे गडी एकमेकांना भिडून रेटतात त्या जुंपणीत, चेंडू टाकायचा मान प्रतिस्पर्ध्यांना मिळतो.

१८६३ मध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन होताना चेंडू घेऊन पळणं आणि नडगीवर लाथ मारणं, या दोन्हींवरून वाद झाला. लाथ ठेवायच्या बाजूचा ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला. पुढे २६ जानेवारी १८७१ रोजी लंडनमध्ये २१ क्लबांनी रग्बी फुटबॉल युनियन स्थापन केली आणि तिच्या नियमांत लाथ मारायला बंदी घातली. याच नियमांत पकडीचं कलम होतं: चेंडूसकट पकडला गेलेल्या खेळाडूने लगेच ‘डाऊन’ म्हणायचं आणि चेंडू तिथेच जमिनीवर ठेवायचा. आजचा टॅकलचा नियम या जुन्या कलमाच्या वळणाचाच आहे. पडलेल्याने चेंडू सोडायचा, पाडणाऱ्याने गडी सोडून बाजूला व्हायचं, आणि उभ्या असलेल्यांनी चेंडूवरून रेटारेटी करायची, तिला रक म्हणतात. कबड्डीत पकड टिकवली तर गडी बाद होतो. रग्बीत टिकवली तर पेनल्टी बसते, कारण इथे कोणी बाद होत नाही, चेंडू खेळता ठेवायचा असतो.

खेळाडूंच्या जागांची कहाणी तर याहून रंगतदार. मार्च १८७१ मध्ये एडिनबरोत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हा एका बाजूला २० जण होते आणि त्यातले बहुतेक रेटारेटीतच. १८७७ मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांत संख्या १५ झाली, गर्दी घटली, चेंडू लवकर मोकळा होऊ लागला. १८८४ मध्ये कार्डिफ क्लबने जखमी खेळाडूच्या जागी फ्रँक हॅनकॉकला घेतलं. त्याने दोन ट्राय केले, म्हणजे दोनदा गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला. आता त्याला वगळायचं कसं आणि आधीच्यांना तरी कसं काढायचं? क्लबने मागच्या थ्री-क्वार्टर फळीत (आजचे सेंटर आणि विंग) तिघांऐवजी चौघांना खेळवलं आणि पुढचा एक गडी कमी केला. दहाएक वर्षांत ही रचना सगळीकडे गेली. आठ फॉरवर्ड (पुढचे, रेटणारे), सात बॅक (मागचे) हा आजचा हिशेब तिथून आला.

स्क्रम जवळून पाहा. पंच ‘क्राउच, बाइंड, सेट’ म्हणतो आणि दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांना भिडतात. पुढे १ आणि ३ नंबरचे प्रॉप. ३ नंबरचं डोकं समोरच्या दोघांच्या मधे अडकलेलं असतं, १ नंबरची एक बाजू मोकळी राहते. मधला २ नंबरचा हूकर पायाने चेंडू मागे ओढतो. आखाड्यात मान कमावलेल्या पोराला मी आधी पुढच्या ओळीतच उभा करीन. ४ आणि ५ लॉक, उंचेपुरे. बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांच्या मधे आत फेकतात, त्या लाइनआउटला उडी त्यांचीच. ६ आणि ७ फ्लँकर, मागे ८ नंबर. ९ चा स्क्रम-हाफ चेंडू उचलतो, १० चा फ्लाय-हाफ पुढची चाल ठरवतो. १२ आणि १३ सेंटर, ११ आणि १४ विंग, शेवटी १५ फुल-बॅक.

सुरुवातीला गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवल्याला गुणच नव्हते, फक्त गोलवर किक मारायचा हक्क मिळे. हळूहळू ट्रायचं मोल वाढलं: १९७१ मध्ये ४ गुण, १९९२ पासून ५. त्यानंतरच्या यशस्वी किकला २, पेनल्टी आणि ड्रॉप गोलला (हातातला चेंडू जमिनीवर टाकून टप्प्यावर मारलेला गोल) ३.

१८९५ मध्ये उत्तर इंग्लंडचे क्लब फुटून निघाले; खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या खेळाडूंना बुडालेली मजुरी द्यावी, ही त्यांची मागणी रास्तच होती. त्यांचा खेळ पुढे १३ जणांचा रग्बी लीग झाला. पंधरा जणांच्या रग्बी युनियनमध्ये खेळाडूंना पैसे द्यायला मान्यता मिळाली थेट १९९५ मध्ये.

भारतात २५ डिसेंबर १८७२ रोजी कलकत्त्यात सामना झाल्याची नोंद आहे. तिथला क्लब बंद पडला तेव्हा शिल्लक रुपये वितळवून कलकत्ता कप घडवला. त्याचे तिन्ही कान नागांचे आहेत. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून त्यासाठी खेळतात. आपल्या पोरांना ऑलिंपिकची वाट दिसते ती सात जणांच्या रग्बीतून. तो प्रकार १८८३ मध्ये स्कॉटलंडमधल्या मेलरोझला सुरू झाला आणि २०१६ मध्ये ऑलिंपिकमध्ये आला. त्यात स्क्रमला तिघेच लागतात.

आपल्या प्रशिक्षकांना एक कळकळीची विनंती. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर टॅकल शिकवू नका; पाऊस होऊन जमीन मऊ होईपर्यंत पास आणि धावण्याचा सराव घ्या. आणि कबड्डीतून आलेल्यांना पहिल्याच दिवशी सांगा, की नुसता धक्का इथे फाउल आहे. हातांनी कवेत घेऊनच पाडायचं, आणि तेही खांद्याच्या खाली.