हंगाम डिसेंबरचा, अर्ज जूनचा : रॉस समुद्रात टूथफिश पकडायची परवानगी

अंटार्क्टिकाला लागून असलेल्या रॉस समुद्रात टूथफिश हा खोल पाण्यातला मोठा मासा पकडायला जाऊ पाहणाऱ्यांचे दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात मला दोन-तीन फोन ठरलेले. मासळीच्या धंद्यातला कुणी ओळखीचा, नाहीतर जहाजावर चीफ ऑफिसर असलेला कुणाचा तरी मेहुणा. “जहाज बर्फात चालणारं आहे, लाँगलाइन (गळ लावलेली लांब दोरी) बसवून झाली, हंगाम १ डिसेंबरला उघडतो. अर्ज कुठे करू?” आता पुढच्या वर्षी कर, असं सांगितलं की समोरचा चिडतो. हंगाम १ डिसेंबर ते ३० नोव्हेंबर मोजतात, हे सगळ्यांना पाठ असतं. त्या हंगामात उतरणार असल्याची पूर्वसूचना, म्हणजेच अर्ज, आधीच्या १ जूनपर्यंत पोचलेली असावी लागते, ही ओळ मात्र कुणी वाचत नाही. आपल्याकडे १ जूनला पावसाळी बंदी लागते, होड्या शाकारल्या जातात. तीच तारीख लक्षात ठेवा.

पोचायचं कुठे, तर टास्मानियात हॉबार्टला. अंटार्क्टिक सागरी सजीव संपत्तीच्या संवर्धनासाठी १९८० साली करार झाला, १९८२ पासून लागू आहे, आणि त्याच्या आयोगाचं सचिवालय तिथे आहे. नाव फार लांब, म्हणून सगळे ‘कॅमलार’ म्हणतात. १ जूनपर्यंत दिलेली सूचना वैज्ञानिकांच्या गटांतून फिरते आणि ऑक्टोबरच्या बैठकीत येते. तिथे बहुमत चालत नाही, सर्वसंमती लागते. २०२१ साली एकट्या रशियाने संमती दिली नाही, तर दक्षिण अटलांटिकातल्या दक्षिण जॉर्जिया बेटाभोवतीच्या टूथफिशची पकडमर्यादाच ठरली नाही. त्यामुळे ‘तारखेचं काय, साहेबांशी बोलून घेऊ’ हा आपला नेहमीचा उपाय इथे निरुपयोगी. बोलायला साहेबच नाही, सत्तावीस सदस्य आहेत.

अर्जदार तुम्ही नाही

सगळ्यात मोठा गोंधळ हा. कंपनी हॉबार्टला अर्ज करूच शकत नाही. जहाजावर ज्या देशाचा झेंडा, तो देश आयोगाचा सदस्य हवा आणि सूचना त्या देशाने द्यायची. करभार वाचवायला सोयीचा झेंडा लावलेला असेल, तर विषय इथेच संपतो. सदस्य देशाचं खातंही स्वतःची छाननी करतं, तेव्हा तुमची खरी मुदत १ जूनच्या बरीच आधी असते. मी मार्चअखेर धरतो. शुल्क सूचनेबरोबरच भरायचं.

भारत ऐंशीच्या दशकापासून सदस्य आहे, आणि २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्यात या कराराचाही समावेश आहे. म्हणून काही जण वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात चौकशी करतात. ते केंद्र मोहिमा आणि संशोधन पाहतं, मासेमारीचे परवाने वाटत नाही. रॉस समुद्रात वर्षानुवर्षं दिसणारी जहाजं न्यूझीलंड, दक्षिण कोरिया, ब्रिटन, स्पेन, युक्रेन, उरुग्वे अशा देशांची. तुम्ही तिथे काम करणार असाल, तर त्यांच्यापैकी कुणाच्या तरी कागदांवरच करणार.

कुणाकडेच नसतो तो कागद

जहाजाचा आयएमओ क्रमांक (कायमचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), आधीची नावं, आधीचे झेंडे, खरा मालक कोण, ही माहिती शोधून मिळते. अडतं ते समुद्रतळावरच्या परिणामाच्या प्राथमिक मूल्यमापनाशी. तुमची दोरी तळाला टेकणार. तिथे प्रवाळ, स्पंज असे हळू वाढणारे जीव असतील तर किती चिरडले जातील, याचा हिशेब सूचनेसोबत जोडायचा. त्यासाठी दोरीची जाडी, वजनं, गळांमधलं अंतर, एका खेपेला किती किलोमीटर दोरी, सगळं आकृतीसकट लागतं. हे कॅप्टनच्या डोक्यात असतं, कागदावर कुठेच नसतं, आणि मे महिन्यात कॅप्टन रजेवर असतो. दुसऱ्या जहाजाचं मूल्यमापन उचलून आपलं नाव घालू नका. प्रत्यक्ष दोरी वेगळी निघाली की उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. रॉस समुद्र सोडून इतर कमी माहितीच्या भागांत जायचं असेल, तर त्याच तारखेला संशोधन आराखडाही लागतो. तो एका रात्रीत लिहून होत नाही.

फोटोंबद्दल एक. जहाजाचे तीन रंगीत फोटो लागतात: उजवी बाजू पूर्ण लांबीची, डावी बाजू पूर्ण लांबीची आणि मागून अगदी सरळ, प्रत्येक किमान १२ बाय ७ सेंटिमीटर. एकदा आमच्या ऑफिसातल्या मुलाने मागचा फोटो धक्क्यावरून तिरका काढला. क्रेनची सावली नेमकी नावावर. खात्यातून तो परत आला तेव्हा जहाज बंदरातून निघून दोन दिवस झाले होते. सरळ मागून फोटो घ्यायचा तर होडीच लागते. जहाज बंदरात असतानाच काढून ठेवा.

सूचना दिल्यावर जहाज बिघडलं, तर सबळ कारण देऊन दुसरं जहाज बदली देता येतं. ‘भाडं जमलं नाही’ हे कारण देऊन पाहू नका. बेकायदा मासेमारीच्या यादीतलं जहाज तर नाहीच नाही.

टूथफिश उरतो, परवानगी संपते

रॉस समुद्राची पकडमर्यादा गेली काही वर्षं तीन ते साडेतीन हजार टनांच्या घरात आहे. ती जहाजागणिक वाटलेली नाही. सगळे एकाच ताटातून खातात: ७० अंश दक्षिण अक्षांशाच्या उत्तरेला १९ टक्के, दक्षिणेला ६६ टक्के आणि खास संशोधन क्षेत्रात १५ टक्के. दक्षिणेचा वाटा काही आठवड्यांत संपतो. नवखे लोक म्हणून टूथफिशच्या आकड्यावर डोळा ठेवून बसतात आणि बायकॅचवर, म्हणजे नको असताना लागणाऱ्या इतर माशांवर, घसरतात. गळाला पाकट लागतात, रॅटटेल (उंदरासारख्या निमुळत्या शेपटीचे मासे) लागतात, आइसफिश लागतात. प्रत्येकाची मर्यादा वेगळी आणि तीही सामायिक. ती भरली की टूथफिश शिल्लक असला तरी तो भाग बंद.

याशिवाय जहाजापुरते दोन नियम आहेत. एका वेळी टाकलेल्या दोरीवर कुठल्याही एका बायकॅच जातीचं वजन १ टन किंवा जास्त भरलं, तर तिथून किमान ५ सागरी मैल दूर जायचं आणि पाच दिवस त्या परिघात फिरकायचं नाही. हा समजतो. दुसरा रॅटटेलचा, आणि घोळ त्यातच. एकाच उपक्षेत्रात दहा-दहा दिवसांच्या दोन टप्प्यांत प्रत्येकी १,५०० किलोंहून जास्त रॅटटेल आला आणि तो तुमच्या तिथल्या टूथफिशच्या १६ टक्क्यांहून जास्त असला, तर त्या जहाजाला ते उपक्षेत्र उरलेल्या हंगामासाठी बंद. टप्पे कॅलेंडरचे: १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. पहिली दोरी टाकली त्या दिवसापासून मोजायचे नाहीत. ८ तारखेला सुरुवात केलेला माणूस १७ तारखेपर्यंत एकच टप्पा समजतो आणि तेवढ्यात दोन टप्प्यांत पाय अडकलेला असतो.

जगेल असं वाटणारं पाकट पाण्यातच दोरी कापून सोडायचं असतं, पण नोंद करायची. पकडीचा अहवाल रोजचा, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या आत, तोही जागतिक प्रमाणवेळेने. बायकॅचचे आकडे ‘आठवड्याने एकदम भरू’ म्हणणाऱ्या फॅक्टरी मॅनेजरला निघण्याआधीच समज द्या. बंदची वेळ जाहीर होते, तोवर दोरी पाण्याबाहेर हवी. बर्फ कधी सरकेल याचा भरवसा नसतो.

तळाचाही नियम आहे. दोरीच्या एका तुकड्यावर, म्हणजे १,००० गळ किंवा १,२०० मीटर यांतलं जे कमी तेवढ्यावर, प्रवाळ-स्पंजांची दहा एककं आली (एक लिटर किंवा एक किलो म्हणजे एक एकक), की त्याभोवती एक सागरी मैल त्रिज्येचा भाग सगळ्यांनाच बंद. ५५० मीटरपेक्षा उथळ पाण्यात दोरी टाकायचीच नाही.

खुणा आणि पक्षी

प्रत्येक टनामागे किमान एक टूथफिश खूण (टॅग) लावून जिवंत सोडायचा. संख्या सगळे पुरी करतात. पण दीड मीटरचं, माणसाएवढ्या वजनाचं धूड डेकवर आडवं धरून खूण मारण्यापेक्षा गुडघ्याएवढा मासा धरणं सोपं, म्हणून खलाशी लहानच निवडतात. हे आयोगाला पुरतं ठाऊक आहे. खूण लावलेल्या माशांच्या लांबीची सगळ्या पकडीच्या लांबीशी तुलना होते आणि जुळणी किमान ६० टक्के लागते. धूड उचलायला पाळणा आणि दोन तगडे गडी आधीच नेमा.

समुद्रपक्ष्यांसाठी दोरी रात्रीच टाकावी हा मूळ नियम. दोरी पुरेशा वेगाने बुडते हे दाखवलं की दिवसा टाकायची सूट मिळते. पण तीन पक्षी गळाला लागले की सूट रद्द, पुन्हा रात्रीच. आता डिसेंबरात रॉस समुद्रावर रात्र शोधून दाखवा. तीन पक्षी म्हणजे काय, ते यावरून कळेल.

शेवटी, निरीक्षक म्हणून जायची इच्छा असलेल्या मुलांसाठी, कारण तेही विचारतात. जहाजावर दोन निरीक्षक लागतात आणि त्यातला एक आयोगाच्या आंतरराष्ट्रीय योजनेतला. पण हॉबार्ट कुणाला नोकरी देत नाही. निरीक्षक सदस्य देश नेमतात, दोन देशांमधल्या करारानुसार. बायोडेटा तिकडे पाठवून उत्तराची वाट पाहत बसलेली दोन पोरं मला माहीत आहेत. त्या त्या देशाच्या निरीक्षक कार्यक्रमाकडे लिहा, आणि तेही जूनच्या आधी.