निखाऱ्याला शेजार लागतो

गच्चीवर शेगडी मांडलेली असते, मसाला लावलेलं चिकन किंवा पनीर तयार असतं आणि कोळसा पेटायचं नाव घेत नाही. मग वर्तमानपत्राचे बोळे, त्यावर रॉकेल, पुठ्ठ्याने वारा, डोळ्यांत धूर, पुन्हा रॉकेल. तासाभराने अर्धे कोळसे लाल, अर्धे काळे. अशा वेळी आग कमी पडली असंच बहुतेकांना वाटतं. खरं तर आग पुरून उरण्याइतकी असते, पण ती चुकीच्या जागी आणि फार थोडा वेळ जळते.

हिशेब करून बघू. १०० ग्रॅम कोरडा लाकडी कोळसा पेट घेण्याइतका, म्हणजे साधारण ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला ३५ किलोज्यूलच्या आसपास उष्णता लागते. वर्तमानपत्राचा चार पानांचा एक ताव जळला की अडीचशेच्या आसपास किलोज्यूल मिळतात, गरजेच्या सातपट. तरी कोळसा थंडच राहतो. कागद मिनिटभरात संपतो, ज्वाळा सरळ वर जाते, आणि बोळा कोळशाच्या वर ठेवलेला असेल तर तिच्या वाटेत कोळसा येतच नाही.

कोळशाचा स्वभाव लाकडापेक्षा वेगळा आहे. लाकूड तापलं की त्यातून ज्वलनशील वायू निघतात, ते पेट घेतात आणि ज्वाळा आपोआप शेजारच्या लाकडापर्यंत पोहोचते. कोळसा करताना भट्टीत, हवा कोंडून, यातले बहुतेक वायू आधीच काढून टाकलेले असतात. उरतो तो मुख्यतः कार्बन. कार्बनचं बाष्प होत नाही, म्हणून तो ज्वाळेने न जळता पृष्ठभागावर जळतो. जिथे हवेतला ऑक्सिजन तापलेल्या पृष्ठभागाला भिडेल तिथेच निखारा फुलतो. शिवाय कोळसा सच्छिद्र असल्याने उष्णतेचा फार वाईट वाहक आहे. एक कोपरा लालबुंद असताना दुसरं टोक हातात धरता येतं. या गुणाचा पेटवताना फायदाच होतो, कारण सगळा तुकडा तापवावा लागत नाही, एक कोपरा फुलला की पुरे.

मात्र एकटा निखारा टिकत नाही. लाल कोळसा चहूबाजूंनी उष्णता फेकत असतो. मोकळ्या जागी ती परत येत नाही, कोळसा थंडावतो, राखेने झाकला जातो आणि विझतो. दोन निखारे समोरासमोर ठेवले की एकाची धग दुसऱ्याला मिळते. मध्ये बोटभर फट राहिली तर हवाही मिळते. शेगडीवर कोळसे पसरून पेटवायचा प्रयत्न फसतो तो इथेच. आधी रास, निखारे फुलल्यावर पसरणं, हा क्रम कधीही उलटा करू नये.

दुसरी गोष्ट हवेची. एक किलो कार्बन पूर्ण जळायला साधारण साडेअकरा किलो हवा लागते, म्हणजे सुमारे साडेनऊ घनमीटर, एका लहान खोलीचं निम्मं आकारमान. ती कमी पडली तर कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि उष्णता मिळते जेमतेम २८ टक्के. म्हणजे गुदमरलेली शेगडी कोळसाही खाते आणि तापतही नाही. राशीच्या वर नाचणाऱ्या निळसर ज्वाळा दिसतात, तो हाच मोनॉक्साइड वर आल्यावर ताजी हवा मिळून जळत असतो.

हवा खालून येणं किती महत्त्वाचं आहे हे जुन्या बादलीच्या शेगडीच्या रचनेतच दिसतं. मध्ये जाळी, जाळीखाली पोकळी, पोकळीला छोटं दार. दार वाऱ्याच्या दिशेला वळवलं की कोळसे फुलायचे, फिरवलं की मंदावायचे. बाजारात मिळणारे पसरट बार्बेक्यू कित्येकदा नुसत्या पत्र्याच्या पेट्या असतात. जाळी नाही, खाली भोक नाही. अशा पेटीत कोळसा पेटवणं हे मुळातच अवघड काम आहे. म्हणून पेटवायचं एका भांड्यात आणि भाजायचं दुसऱ्यात, हा सगळ्यात सोपा मार्ग.

ते पहिलं भांडं म्हणजे चिमणी स्टार्टर: पत्र्याचं उभं नळकांडं, दोन्ही टोकं उघडी, खालच्या भागात जाळी. जाळीखाली कागद, जाळीवर कोळसा. त्याच्यात एकही फिरणारा भाग नाही, तरी ते भात्याचं काम करतं. आतली हवा ६०० अंशांपर्यंत तापली की बाहेरच्या हवेपेक्षा जवळपास तिपटीने हलकी होते आणि वर निघून जाते. तिची जागा घ्यायला खालच्या भोकांतून थंड, ऑक्सिजनने भरलेली हवा आत ओढली जाते. जितकं तापेल तितकी ओढ वाढते आणि ओढ वाढली की आणखी तापतं. जोडीला पत्र्याची भिंत निखाऱ्यांना शेजार पुरवते, कारण बाहेर जाणारी बरीचशी धग ती आतच ठेवते.

हे नळकांडं पत्र्याचं काम करणाऱ्याकडून करून घेता येतं. ६२ सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद लोखंडी पत्रा गोल वळवला की साधारण १९ सेंटिमीटर व्यासाची नळी होते. खालच्या काठापासून ८ सेंटिमीटरवर तीन बोल्ट आत काढून त्यांच्यावर दीड-दोन सेंटिमीटर अंतराची जाड जाळी टेकवावी. जाळीखालच्या पट्ट्यात दीड सेंटिमीटर व्यासाची भोकं दोन ओळींत, प्रत्येक ओळीत १२. मूठ जाळीच्या पातळीपासून वर, पत्र्यापासून चार बोटं बाहेर. यात सव्वा किलोच्या आसपास कोळसा मावतो, पाच-सहा जणांच्या भाजण्याला तो पुरतो. पत्रा मात्र जस्ताचा मुलामा दिलेला नसावा. जस्त ४२० अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं, निखारे त्याच्या जवळपास सहज पोहोचतात. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. पाण्याची जुनी बादली कापून नळकांडं करण्याचा मोह म्हणूनच टाळावा. तेलाचा १५ किलोचा डबा चालतो, पण तो आधी एकदा रिकामाच कडक तापवून वरचा रंग जाळून टाकावा.

भरतानाही थोडी काळजी लागते. पिशवीच्या तळाची भुकटी आत जाऊ देऊ नये, ती फटी बुजवते. तुकडे लिंबाएवढे ते अंड्याएवढे. मोठे असतील तर फोडून घ्यावेत, कारण धारदार कडा आधी पेटतात. जाळीखाली कागद घट्ट कोंबला की तोच गुदमरतो. एका तावाची सैल दोरी वळून चुंबळीसारखी ठेवावी, मधली जागा मोकळी. आणि कागदावर एक टेबलस्पून स्वयंपाकाचं तेल, अगदी तळणाचं उरलेलंही.

हे तेलच सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे. १५ मिलिलिटर तेलात पाचशेच्या आसपास किलोज्यूल असतात आणि कागद त्याची वात होतो. समईत वात जळते तसा कागद स्वतः जळून न जाता तेल वर ओढतो, आणि मिनिटभराची ज्वाळा सहा-आठ मिनिटं टिकते. कोळशाला हवा असतो तो हा वेळ.

काडी लावल्यावर पहिली पाच मिनिटं दाट पांढरा धूर येतो. तो ओलाव्याचा आणि कोळशात उरलेल्या वायूंचा असतो, काही बिघडलेलं नसतं. दहाव्या मिनिटाला वरून ज्वाळा दिसू लागतात, पंधरा ते वीस मिनिटांत सगळ्यात वरच्या तुकड्यांच्या कडा राखाडी होतात. तेव्हाच ओतावं. आधी ओतलं तर वरचे थंड तुकडे शेगडीत तळाशी जाऊन धुमसत राहतात. अर्धा तास विसरलं तर भाजण्याआधीच बराच कोळसा खर्ची पडतो. नळकांडं विटांवर ठेवावं. गच्चीच्या फरशीवर नको, धगीने फरशी तडकते आणि खालचं वॉटरप्रूफिंगही जातं.

वारा घालण्याबद्दल मोठा गैरसमज आहे. एकही कोपरा लाल झालेला नसताना घातलेला वारा फक्त उष्णता पळवतो. लाल ठिपका दिसल्यावर तोच वारा राख उडवतो, ऑक्सिजन पुरवतो आणि निखारा पांढुरका होईपर्यंत तापवतो. पावसाळ्यात कणसं भाजणारे विक्रेते हाताने फिरवायचा पंखा वापरतात तो अशा आधीच जिवंत असलेल्या राशीवर. केस वाळवायचं ड्रायर कोळसा तापवू शकत नाही, त्याची हवा तेवढी गरम नसते. ते फक्त भाता म्हणून कामाचं.

थोडाच कोळसा हवा असेल तर घरच्या गॅसवर पापड भाजायची जाळी ठेवून त्यावर चार-पाच तुकडे ठेवावेत. पाच-सहा मिनिटांत ते फुलतात. मग सांडशीने उचलून राशीच्या मध्यभागी, तळाशी सोडावेत. गॅसवर तुकडे तापत असताना जवळ उभं राहू नये. बंद छिद्रांतल्या पाण्याची वाफ होऊन कोळसा फुटतो आणि ठिणग्या ओट्यापर्यंत येतात. खिडकी उघडी हवीच. विजेचं साधनही मिळतं, लोखंडी कांबीच्या वेटोळ्यासारखं, ६०० वॉटच्या आसपासचं. ते राशीत खुपसून सात-आठ मिनिटांनी काढून घ्यायचं. चांगलं चालतं, पण आत राहिलं तर निखारेच ते जाळून टाकतात.

कापूर अनेकजण वापरतात. त्याच्या एका ग्रॅममध्ये अडतीस किलोज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असते, काडी लावताच पेटतो, ओल्या हवेतही दगा देत नाही. पण वडी दोन-तीन मिनिटांत संपते आणि काजळी खूप धरते. तेलकट कागदाला पेटवायला एक वडी उत्तम. कोळशाला थेट पेटवायला नाही. कोकणात सोडणाची, म्हणजे नारळाच्या सालाची, वाळलेली शेंडी आणि करवंटीचे तुकडे हाताशी असतात, त्यांच्याइतकं छान पेटवण दुसरं नाही. शेंडी झटकन ज्वाळा धरते आणि करवंटी घट्ट असल्याने ती ज्वाळा बराच वेळ टिकवते.

रॉकेल वापरायचंच असेल तर थंड कोळशावर, पेटवण्याआधी पाच मिनिटं, आणि एकदाच. बाटली दूर ठेवून मग काडी. धुमसत्या कोळशावर रॉकेल ओतलं की ते लगेच पेटत नाही. आधी त्याची अदृश्य वाफ होते, ती हवेत मिसळते आणि मग एकदम भडकते. ती ज्वाळा बाटलीच्या तोंडापर्यंत चढते. पेट्रोल कधीच नको. ते शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेटण्याजोगी वाफ सोडतं, म्हणजे काडी ओढण्याआधीच शेगडीभोवती वाफ साचलेली असते.

कोळसाही एकसारखा नसतो. बाभळीचा जड कोळसा उशिरा पेटतो आणि उशिरा विझतो. हलक्या लाकडाचा लगेच फुलतो आणि संपतो. तळाला हलका आणि वर जड, अशी रास करावी. कोळशाची भुकटी दाबून केलेल्या वड्या, म्हणजे ब्रिकेट, आणखी हट्टी, त्यांना २०-२५ मिनिटं द्यावी लागतात. अमेरिकेत १९२० च्या दशकात हेन्री फोर्डने मोटारीच्या लाकडी भागांतून उरलेल्या तुकड्यांचा आणि भुशाचा कोळसा करून अशा ब्रिकेट विकायला काढल्या होत्या. जपानी बिन्चोतान हे दुसरं टोक: ओकचा हा कोळसा शेवटी १००० अंशांपर्यंत तापवून काढतात, वायू जवळपास उरतच नाहीत, म्हणून तो कागदाने पेटत नाही.

पावसाळ्यात कोळसा हवेतला ओलावा शोषून घेतो. पाणी उडून जाईपर्यंत तुकडा १०० अंशांच्या आसपास अडकून राहतो, कितीही कागद जाळा. पिशवी उघडली की कोळसा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, ओला वाटला तर दोन दिवस कडक उन्हात.

निखारे फुलले तरी धोका संपत नाही. धूर थांबलेले, शांत निखारेच कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात आणि त्याला ना वास ना रंग. पाऊस आला म्हणून शेगडी खोलीत, तंबूत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत घेऊ नये, विझत आलेली असली तरी.

भाजून झाल्यावर उरलेले निखारे पाण्याने विझवू नयेत, ते ओले होतात आणि गरम वाफेने हात भाजतो. लोखंडी डब्यात भरून घट्ट झाकण लावावं. हवा तुटली की विझतात. दुसऱ्या दिवशी राख चाळून ते वेगळे ठेवावेत आणि पुढच्या वेळी नव्या कोळशात मिसळून जाळीवर तळाशी घालावेत. ते कोरडे असतात, त्यांच्या कडा आधीच कुरतडलेल्या असतात, आणि काडी लावल्यावर सगळ्यांत आधी तेच फुलतात.